उघडून वाचायची सायकल

झाकण नसलेली यंत्रं आता घरात फार उरलेली नाहीत. मिक्सरच्या बुडाशी असलेल्या स्क्रूचं डोकं असं घडवलेलं असतं की आपल्याकडचा कुठलाच पेचकस त्यात शिरत नाही. मोबाइल तर चिकटवूनच येतो. संत्र्याच्या बागेतल्या मोटारीचा स्टार्टर उघडायला मन धजत नाही, कारण आत थ्री फेज आहे. अशा घराच्या ओसरीत काळी, मोठ्या चाकांची, रॉड ब्रेकवाली सायकल भिंतीला टेकून उभी असते आणि तिचं जवळजवळ सगळं बाहेर असतं. पायातली ताकद कुठे जाते, तिथून पुढे कशी सरकते, कशानं थांबते, हे नुसती नजर फिरवली तरी कळतं. आत दडलेलं जे थोडं आहे तेही तीनचार पाने आणि एक पेचकस एवढ्या हत्यारांनी उघडतं. वरूडमध्ये मोटारसायकली घरोघर आल्या, तरी ओलिताला निघालेला, दूध घालणारा, सकाळी डबा बांधून मजुरीला जाणारा माणूस अजून या सायकलीवर दिसतो. त्याला ती वाहन म्हणून पुरते. मला तिच्याकडे एक रचना म्हणून बघायचं आहे. ही रचना वाचायची तर ती घरी, आपल्या हातानं दुरुस्त करायला शिकावं लागतं, एवढंच माझं म्हणणं. नुसती चालवणाऱ्याला ती अर्धीच कळते.

तिचं कूळ जुनं आहे. 1885 साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं साधारण सारख्या उंचीची, मधे पायडल, आणि साखळीनं फिरणारं मागचं चाक. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीवरून माणूस थेट तोंडावर आपटायचा, म्हणून हिला ‘सुरक्षित’ म्हणत. पुढे इंग्रज कारखानदारांनी तिला जे दणकट, सरळ बसायचं रूप दिलं तेच आपल्याकडे उतरलं. मद्रासची टीआय सायकल्स 1949 ची, सोनीपतची अॅटलस 1951 ची, लुधियान्याची हिरो 1956 ची, आसनसोलची सेन-रॅले त्याच पिढीची. बोधचिन्हं वेगळी, मडगार्डावरची सोनेरी रेघ वेगळी. मापं मात्र थोडी इकडेतिकडे करत तीच. घरी दुरुस्ती करणाऱ्याला या एकसारखेपणाचा मोठा आधार आहे. एका कंपनीच्या एक्सलवरचा कोन दुसरीच्या चाकात बहुतेक वेळा बसतो, आणि अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनाला, थांबला तरी वरूडमधली अॅटलस थांबली नाही.

या रचनेत किती विचार आहे ते रॉड ब्रेकपाशी पहिल्यांदा जाणवतं. आजच्या सायकलीचे ब्रेक रिमला दोन बाजूंनी चिमटीत धरतात. चाक थोडं वाकडं झालं की रबर एका बाजूला घासायला लागतं. काळ्या सायकलीचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूनं, वरच्या दिशेला लागतो. चाक डावीउजवीकडे थोडं डुलत असलं तरी त्याला फरक पडत नाही. वायर नाही, त्यामुळे वायर तुटणं नाही. सळ्या, सांधे आणि छोटे नट आहेत, ते सैल झाले की दिसतात. ओल्या रिमवर हा ब्रेक फार भरवशाचा नाही, हे मान्य करायला हवं. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक वाकडं होणारच, असं गृहीत धरून कुणीतरी तो आखला आहे, आणि ते गृहीतक इथे रोज खरं ठरतं.

वरूड सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. जमीन काळी, कसदार, संत्र्याला मानवलेली आणि चाकाला न मानवणारी. पहिल्या दोन पावसांनंतर पांधणीतून सायकल घातली की माती टायरला थर धरते, तो थर मडगार्डाखाली कोंबला जातो आणि चाक जागीच थांबतं. मग माणूस खाली उतरतो, तुराटीच्या काडीनं माती उकरतो, दहा पावलं चालतो, पुन्हा उकरतो. काहीजण पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात. वाटेल तेव्हा एक अवयव उतरवून ठेवता येतो आणि सायकल तरीही सायकल राहते, ही सोय साधी नाही. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास गेला की पाळी रबराची. बिनपंक्चरची सायकल रात्रीतून बसते, आणि शोध घेतला तर दोष निघतो व्हॉल्व्हच्या बोटभर रबरी नळीत.

त्या व्हॉल्व्हवर थोडं थांबायला हवं, कारण पूर्ण सायकलीत एवढ्या कमी शब्दांत एवढं सांगणारी दुसरी जागा नाही. पितळेची पोकळ दांडी, तिच्या अंगाला एक बारीक भोक, आणि भोकावर ओढून बसवलेली पातळ रबरी नळी. बस्स. पंपाची हवा आतून भोकावाटे येते, रबर किंचित उचलते, ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला की आतल्याच हवेचा दाब रबराला भोकावर दाबून धरतो. जी हवा निसटू पाहते तीच आपलं दार लावून घेते. ना स्प्रिंग, ना खटका. ऊन, वय आणि तेलाचा हात लागून हे रबर चिकट होतं किंवा चिरतं. मग नळीचा नवा तुकडा ओढून बसवायचा, मिनिटभराचं काम. तपासणी त्याहून सोपी. बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवायची आणि बुडबुडा फुगतो का ते बघायचं. घरच्या दुरुस्तीचा पहिला धडा हाच असावा असं मला वाटतं, कारण इथे हात घाण होत नाहीत आणि काय चाललंय ते पूर्ण समजतं. पुष्कळजण पंक्चर समजून अख्खं टायर उतरवतात, तेव्हा गोष्ट वरच संपलेली असते.

पंक्चर हा मात्र मोठा प्रसंग. वऱ्हाडात त्याची कारणं ठरलेली: धुऱ्यावरच्या बाभळीचा पांढरा, सरळ काटा, बोरीचा आकडा, आणि सराटा. सराट्याचं फळ फुटलं की त्याचे तुकडे जमिनीवर कसेही पडले तरी एखादं टोक वर राहतंच. काट्यानं सायकल लगेच बसेल असं नाही. पुष्कळदा तोच भोक बुजवून बसलेला असतो, आणि माणूस घरी आल्यावर ‘हा काय अडकलाय’ म्हणून ओढून काढतो तेव्हा फुस्स होतं.

सायकल उलटी करायची, सीट आणि हँडलवर. चाक काढायची गरज नसते. टायरची एक कड पट्टीनं उचलून रिमबाहेर घ्यायची, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात केली तर ती सैल पडते. ट्यूब ओढायची, हवा भरायची, घमेल्यातल्या पाण्यात थोडीथोडी बुडवत न्यायची. बुडबुड्यांची माळ दिसली की जागा सापडली. इथवर पोरंही हौसेनं करतात. खरं काम नंतर आहे आणि ते बहुतांशी थांबण्याचं आहे. जागा कोरडी करायची, खरखरीत कागदानं घासायची, म्हणजे वरचा गुळगुळीत थर जाऊन ताजं रबर उघडं पडतं. सोल्युशन पातळ लावायचं, पॅचपेक्षा थोडं बाहेरपर्यंत. आणि मग काही करायचं नाही. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळलेलं रबर. द्रावक उडून गेल्याशिवाय पॅच धरत नाही, ओल्यावर ठेवला तर त्याच्याखाली तेच द्रावक कोंडतं आणि दोन दिवसांत कड उचलते. चमक जाऊन थर निस्तेज दिसायला लागला, बोटाला ओला लागेनासा झाला, की पॅच ठेवायचा आणि मधून कडांकडे दाबत जायचं. दुकानात मिस्त्री सोल्युशन लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतो, कुणाच्या बागेला काय भाव लागला ते विचारतो, तेव्हा आपल्याला वाटतं हा वेळ काढतोय. तो वेळ द्रावकाला देत असतो.

एवढं सगळं बरोबर करूनही पंक्चर पुन्हा होतं, ते ज्या कारणानं, ते मी इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं. समोरच्या पोराला तो म्हणत होता, “काटा तसाच ठेवून पंक्चर काढून काय फायदा, बापू? आंधी टायरात बोट फिरवून पाय. घाई नोको करू.” टायरच्या आतल्या अंगावरून बोट फिरवणं ही पूर्ण विधीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे आणि ती घरी करणारे हमखास गाळतात. ट्यूबवर जिथे भोक, व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा. दोन्ही शेजारी धरून बघितलं की जागा जुळते. बोट हळू फिरवायचं, नाहीतर काटा आपल्यालाच भेटतो. मोडलेल्या बाभळीच्या काट्याचं टोक बाहेरून दिसतही नाही, आतून मात्र तांदळाच्या कणीएवढं टोचतं.

पंक्चर घरी काढता येतं, हेही कुणीतरी मिळवून दिलेलं आहे. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं 1888 मध्ये पोराच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. मात्र ते टायर चाकाला चिकटवलेलं असे. 1889 साली फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला एक सायकलस्वार असं बसलेलं टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला तीन तासांवर वेळ लागला, वर गोंद वाळायला रात्रभर थांबावं लागलं, आणि एदुआर मिशेलिन ती सायकल चालवून बघायला निघाला तर थोड्याच अंतरात टायर पुन्हा बसलं. त्यानं यातून काय घेतलं ते बघण्यासारखं आहे. हवेचं टायर वाईट, असा निष्कर्ष त्यानं काढला नाही. टायर चांगलं, पण ते कुणालाही काढता आलं पाहिजे, असं तो म्हणाला आणि 1891 मध्ये उतरवता येणारं टायर त्यानं आणलं. त्याच वर्षी शार्ल तेराँ हा स्वार ते लावून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत जिंकला. टायरची कड पट्टीनं उचलताना जी ‘टप्’ अशी सुटते, तिच्यामागे एवढा खटाटोप आहे.

डनलॉपच्या त्याच 1888 सालात आपल्याकडे बेळगावला सायकलीचं एक दुकान निघालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंग ओळखण्यातल्या दोषामुळे ती वाट बंद झाली, यंत्रांचं रेखाटन जमलं, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. सायकल ही तेव्हा बघायला गर्दी जमावी अशी वस्तू. बंधू रामूअण्णांबरोबर त्यांनी बेळगावात सायकली विकल्या, चालवायला शिकवल्या, दुरुस्त केल्या. हवेची टायरं बाजारात रुळण्याआधीची ही गोष्ट, म्हणजे पंक्चर काढणं हा धंदाच अजून जन्मायचा होता. पुढे कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. वरूडच्या बागायतदाराला हे आडनाव ओळखीचं आहे ते विहिरीवरच्या पंपामुळे. एवढ्या मोठ्या कारखान्याचं पहिलं पान सायकलीचं असावं यात मला योगायोग कमी दिसतो. त्या काळी हाताशी धरून, खोलून, परत जोडून बघता येईल असं आणि तरीही अचूक मापांचं यंत्र दुसरं कोणतं होतं? शिवणयंत्र आणि घड्याळ. पण घड्याळ उघडायला भिंग लागतं आणि शिवणयंत्र घरातल्या माणसाच्या ताब्यात असतं.

पंक्चरनंतरची पायरी कानाची आहे. सायकल बोलते, आणि ती काय म्हणते ते ओळखायला एकच प्रश्न पुरतो: आवाज कशाबरोबर येतो? पायडलचा एक फेरा होईस्तोवर मागचं चाक दोनांहून जास्त वेळा फिरतं. त्यामुळे पायडलच्या दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ होत असेल तर दोष पायडल, क्रँक किंवा कॉटर पिनमध्ये. त्याहून जलद, चाकाच्या ठेक्यात येत असेल तर चाकात, एखादा स्पोक सैल किंवा टायर कुठेतरी फुगलेलं. पाय थांबवून सायकल नुसती उतारावर सोडली आणि आवाज गेला, तर संशय चाकावरून उठतो. संगीत न शिकलेल्या माणसालाही सम चुकली की कळतं तसा हा हिशेब आहे. तानसेन व्हायची गरज नाही, कानसेन होणं पुरे.

त्या ‘कट्’चा नेहमीचा आरोपी म्हणजे कॉटर पिन. क्रँक एक्सलवर घट्ट बसवणारी ही निमुळती पाचर. ती आट्यांवर विसंबत नाही, स्वतःच्या उतारावर विसंबते. नट तिला फक्त जागेवर धरतो. म्हणून नट आवळून ‘कट्’ जात नाही. पिन ठोकून बसवावी लागते, आणि ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपाचा किंवा जाड लाकडाचा आधार द्यावा लागतो, नाहीतर हातोडीचा घाव आतल्या छऱ्यांवर जातो आणि वाटीत खळगे पडतात. डाव्या आणि उजव्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या. तसं केलं नाही तर दोन्ही पायडलं समोरासमोर येत नाहीत आणि माणूस थोडा लंगडत चालवतो.

पायडलपाशी आणखी एक खुबी आहे. उजव्या पायडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. सगळेच सरळ का नाहीत? कारण पायाच्या दाबाखाली पायडलची दांडी भोकाच्या भिंतीवरून अगदी किंचित घरंगळत राहते, तीही पायडल फिरतं त्याच्या उलट दिशेला. सरळ आट्यांचं डावं पायडल त्या घरंगळण्यानं हळूहळू सुटत जाईल. उलट्या आट्याचं आवळत जातं. अमेरिकेत डेटनला सायकलीचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी 1900 साली आपल्या सायकलींना अशीच पायडलं बसवली होती, विमान उडायला अजून तीन वर्षं होती. घरी लक्षात ठेवायचा नेम सोपा: पान्याचा दांडा वर ठेवून मागच्या चाकाकडे ओढला की कुठलंही पायडल सुटतं. हे माहीत नसलेला माणूस डावं पायडल सोडवायला जातो आणि जोर लावलावून ते जाम करतो.

आता त्या जागेकडे येऊ जिथे या सायकलीचा सगळा रस साठलेला आहे. चाकाच्या मधल्या हबमध्ये दोन्ही बाजूंना एकेक वाटी असते. वाटीत छर्रे, पुढच्या चाकात बारीक, मागच्यात पाव इंची. छऱ्यांवर आतल्या बाजूनं टेकलेला, आटे पाडलेल्या एक्सलवर पुढेमागे सरकणारा कोन, आणि कोनाला जागेवर रोखणारा नट. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाच्या ‘थ्री मेन ऑन द बमेल’ या 1900 च्या पुस्तकात दुसऱ्याची सायकल आपणहून ‘नीट करायला’ घेणाऱ्या एका गृहस्थाचं प्रकरण आहे. तो पुढचं चाक हलवतो, काहीतरी सैल आहे असा निर्वाळा देतो, हब उघडतो, आणि छर्रे घरंगळत चहूकडे जातात. मग ते गोळा करणं, मग आणखी काही उघडणं, मग यंत्राशी झोंबी. विनोद पक्का आहे, कारण तो छऱ्यांच्या स्वभावावर उभा आहे. जेरोमनं सायकल खोललेली बघितली असणार. पण त्या गृहस्थाचं खरं पाप उघडण्याचं नाही. खाली परात किंवा जुनं वर्तमानपत्र न घेता उघडण्याचं आहे. छर्रे वाटीत दुसऱ्या कशानं नव्हे, नुसत्या ग्रीसनं धरून ठेवलेले असतात. हे ठाऊक असलेला माणूस चाक आडवं ठेवतो, एक बाजू उघडतो, छर्रे मोजून परातीत काढतो.

रॉकेल रेशनवर मिळेनासं झाल्यापासून धुवायला डिझेल वापरतात. छर्रे धुवून फडक्यावर पसरले की वाचायला घ्यायचे. चकचकीत, गोल, तर पुन्हा घालायचे. एखाद्यावर काळा ठिपका, एखादा निस्तेज, तर सगळेच बदलायचे, कारण नवा छर्रा जुन्यांपेक्षा केसभर मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. कोनावर जिथे छर्रे फिरतात तिथे एक पट्टा उमटलेला असतो. तो गुळगुळीत असेल तर ठीक, खरडलेला किंवा खळगे पडलेला असेल तर कोन गेला. वाटीत ताजं ग्रीस भरून छर्रे एकेक चिकटवायचे, आणि शेवटी एका छऱ्याएवढी जागा सुटलीशी वाटली तर सोडायची. तिथे आणखी एक कोंबला तर ते एकमेकांना घासतात.

मग कोन फिरवायचा. ही गोष्ट सांगून येत नाही, तरी सांगून बघतो. फार सैल असेल तर रिम हातात धरून डावीउजवीकडे हलवलं की ‘खट्-खट्’ लागतं. फार घट्ट असेल तर एक्सल बोटांनी फिरवताना दाणेदार वाटतं, मिठावरून फिरल्यासारखं. या दोहोंमध्ये पान्याच्या पाव फेऱ्याहून कमी जागा असते, आणि गंमत म्हणजे ती सापडली तरी रोखनट आवळताच कोन आणखी किंचित आत जातो आणि सगळं बिघडतं. म्हणून आधी मुद्दाम थोडं सैल ठेवायचं, किती ते बोटाला कळेपर्यंत. बरोबर जमलं की नाही याची परीक्षा जुन्या लोकांनी ठरवून ठेवली आहे. चाक जमिनीपासून उचलायचं आणि हलकेच सोडून द्यायचं. व्हॉल्व्हची पितळ ही चाकाच्या घेरातली सगळ्यात जड जागा. छर्रे मोकळे असतील तर तेवढ्या वजनानंही चाक फिरतं, व्हॉल्व्ह खाली येतो, पुढे जातो, परत मागे येतो, असं झुलत झुलत अखेर तळाशी थांबतो. छर्रे आवळलेले असतील तर चाक कुठेही, मधेच थांबतं. एवढ्याशा पितळेनं अख्खं चाक डोलताना बघणं हे सायकलीतलं माझ्या मते सर्वांत सुंदर दृश्य आहे, आणि ते रस्त्यावर कधीच दिसत नाही.

साखळीबद्दल थोडक्यात. तिची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्या बरोबर फूटभर. शाळेची पट्टी लावून पाहायचं: 24 कड्यांची लांबी फुटाच्या वर आठवा भाग इंच गेली असेल तर साखळी झिजली, आता ती दाते खायला लागणार. लोक मागचं चाक ओढून किंवा एक कडी काढून तिला ताणून घेतात. त्यानं साखळी उतरायची थांबते, झीज थांबत नाही. तेल पातळ हवं, शिवणयंत्राचं चालतं, खाण्याचं नको, ते चिकटून बसतं. आणि लावल्यावर पुसून टाकायचं, कारण काळ्या मातीची धूळ आणि तेल यांचं मिश्रण कानसीचं काम करतं. चकाकणारी, ओथंबलेली साखळी ही आळशाची खूण.

चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना मात्र घरच्या शिकाऊला आपली पायरी कळते. पुढच्या चाकाला 32 स्पोक, मागच्याला 40, कारण वजन मागे. बैलबंडीचं चाक आपल्या जाड लाकडी आऱ्यांवर उभं असतं, भार खालच्या आऱ्यावर दाब म्हणून येतो. सायकलीच्या तारा दाब झेलूच शकत नाहीत, वाकतील. त्या सगळ्या आधीच ताणलेल्या असतात आणि भार आला की खालच्यांचा ताण थोडा उतरतो, एवढंच. म्हणजे चाक हा चाळीस तारांचा आपसातला समझोता. एक तार आवळली की शेजारच्या दोन्ही बाजूंच्या तारा बदलतात, समोरच्या बाजूलाही थोडं जाणवतं. फोर्कपाशी खडू धरून चाक फिरवलं की जिथे रिम बाहेर येतो तिथे खूण उमटते. तिथली त्याच बाजूची तार पाव फेरा सैल, विरुद्ध बाजूची पाव फेरा घट्ट. लहानसा आउट असा घरी निघतो. पण खड्ड्यात आदळून रिमच वाकला असेल, तर चाक सरळ दिसेपर्यंत आवळत गेलेला माणूस एका बाजूच्या तारा वीणेसारख्या ताणून ठेवतो आणि दुसऱ्या बाजूच्या लोंबतात. मिस्त्री काय करतो ते उभं राहून बघावं. तो तारांना बोटानं छेडत जातो, आवाजावरून ताण ओळखतो, आणि कुठली तार वळवायची यापेक्षा कुठली तार सोडून द्यायची ते ठरवतो. घरी चार गोष्टी केल्याशिवाय ते बघताना काही दिसत नाही. नुसता एक माणूस चाक फिरवताना दिसतो.

नव्या सायकलींविषयी मला जरा राग आहे, तो लपवत नाही. गीअरच्या चांगल्या सायकली चांगल्या आहेत, त्यांची बेअरिंगं बंद डब्यात येतात, वर्षानुवर्षं चालतात आणि बिघडली की डबाच बदलायचा. ते ठीक. पण बाजारात पोरांसाठी ज्या जाड नळ्यांच्या, पुढे खोटी स्प्रिंग बसवलेल्या सायकली मिळतात, त्या कवितेत नुसते अलंकार असावेत तशा आहेत. ती स्प्रिंग दबत नाही, दबली तर उठत नाही, वजन मात्र घालते. आणि डिस्क ब्रेकची चकती जरा वाकली की पोरगं सायकल ढकलत घरी येतं. अशी सायकल उघडून काही शिकायला मिळत नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात, त्या त्यामानानं साध्या, दांडी खाली उतरलेल्या असतात, आणि त्या अगदी वाचण्यासारख्या आहेत. त्यांच्याबरोबर एक पंप, दोन पाने, सोल्युशनची नळी आणि शाळेतली एक दुपार दिली असती तर कित्येक सायकली पंक्चर होऊन गोठ्यात पडल्या नसत्या. मुलीनं सायकल चालवणं आता कुणाला खटकत नाही; तिनं ती अंगणात उलटी करून बसणं अजून थोडं खटकतं.

एक गोष्ट मात्र घरी उघडू नये: फ्रीव्हील. ते मागच्या हबवर आट्यांनी बसतं आणि आपण जेवढं पायडल मारू तेवढं आणखी आवळत जातं, त्यामुळे वर्षभरानं ते सोडवायला खास खाचांचं हत्यार आणि लांब दांडा लागतो. त्याचं झाकण उलट्या आट्याचं. आत दोन खटके, केसासारख्या स्प्रिंगा आणि मोहरीहून थोडे मोठे छर्रे, जेरोमच्या गृहस्थाला झेपले नसते एवढे. ते बिघडलं की नवंच बसवायचं, आणि ते काम दुकानातच द्यायचं. जाताना मागचं चाक तेवढं काढून न्यावं. सायकल नेली तर मिस्त्री बसल्या बसल्या पुढचं चाक उचलून झुलवून बघतो, कॉटर पिनेवर अंगठा फिरवतो, आणि आपण घरी काय काय केलंय ते त्याला तिथल्या तिथे कळतं.